जहाजाचं पूर्वीचं नाव

बडोद्यात कोणी समुद्राविषयी फार बोलायला लागलं, तर तो माणूस नुकताच सोमनाथ-दीव करून आलेला असतो किंवा त्याच्या डोक्यात थोडा फरक पडलेला असतो, अशी माझी समजूत होती. अनंतराव कारखानीस पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात दुसऱ्या गटात टाकून मोकळी झाले होते.

दांडिया बाजारात माझं छपाईचं लहानसं दुकान होतं. बाजार खुला झाला, परदेशी माल आला, असं ज्या दिवसांविषयी म्हणतात त्या दिवसांत मी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर लग्नपत्रिका, शाळांची प्रमाणपत्रं, फरसाणवाल्यांची लेबलं जुळवत होते. एका सकाळी पांढरा बुशकोट घातलेला, सरळ पाठीचा, साठीचा एक गृहस्थ आत आला. त्यानं नमस्कार केला आणि काम सांगायच्या आधी माझ्या कपाटाकडे बघितलं. कपाटावर कागदाची रिमं रचलेली होती.

"ही खाली ठेवा," ते म्हणाले.

"का हो? तुम्हाला कागद हवाय का?"

"नाही. पण वजन वर गेलं की वस्तू खोटं बोलायला लागते. उभी आहे असं दाखवते, पण उभी नसते."

एवढं बोलून त्यांनी बाही वर केली आणि रिमं स्वतःच खाली उतरवायला घेतली. गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणायचं? मीही हात लावला. सगळं उतरवून झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि मग हातानं लिहिलेली चार पानं माझ्यापुढे ठेवली. जहाजांचे आराखडे करणारे आणि जहाजांवरची यंत्रं सांभाळणारे जे इंजिनियर असतात त्यांच्या मंडळाची एक शाखा बडोद्यात आहे, आणि त्या शाखेचं दर महिन्याचं वार्तापत्र म्हणजे ही चार पानं, हे मला तेव्हा कळलं. जिथे विश्वामित्री नदीच्या पाण्यापलीकडे पाणी नाही, तिथे जहाजवाल्यांची शाखा. मी हसले, आणि त्यांना ते दिसलं.

"हसा," ते म्हणाले. "समुद्रावर जाणारा माणूस समुद्रावर राहत नाही. तो समा, तरसाली नि पादऱ्यात राहतो. समुद्रावर तो नोकरीला असतो."

अनंतराव, ज्यांना पुढे मीही सगळ्यांसारखी काका म्हणायला लागले, ते स्वतः जहाजांचे आराखडे करणारे. वडील गायकवाडी राज्यात जमाबंदीच्या कचेरीत होते. यांनी मात्र मुंबईच्या गोदीत उमेदवारी केली, पुढे परदेशी कंपन्यांसाठी जहाजं तपासण्याचं काम करत बंदरं पालथी घातली, आणि निवृत्त होऊन समाला एका सोसायटीत येऊन राहिले. सोसायटीचा वॉचमन त्यांना 'कॅप्टनसाब' म्हणून सलाम ठोकायचा. त्याचा त्यांना मनापासून राग. "कॅप्टन जहाज नेतो. मी ते आडवं पडू नये एवढं बघतो," असं ते त्याला हिंदीतून पुन्हा पुन्हा सांगत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'कॅप्टनसाब'. त्यांच्या पत्नी मालतीकाकू म्हणायच्या, "अहो, द्या सोडून. त्याला आनंद होतोय ना?" काकांना कुठलीही गोष्ट सोडून देता येत नसे, हा त्यांचा मोठा दुर्गुण होता.

चहाचंही तसंच. आमच्याकडे बाजारात कोणी आलं की 'अडधी चा' सांगायची पद्धत. अर्धा कप, दोन घोट, की माणूस कामाला मोकळा. काका अर्धा कप घेत नसत. "भरून द्या, नाहीतर रिकामा द्या. अर्धं भांडं सगळ्यात वाईट." मी एकदा कारण विचारलं तर त्यांनी माझ्या डब्याचं झाकण घेतलं, त्यात थोडं पाणी ओतलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "चालून दाखवा." मी चालले. पाणी एका बाजूला धावलं आणि सगळं झाकण त्या बाजूला कललं. "जहाजाच्या पोटातल्या टाकीत हेच होतं. पूर्ण भरलेली टाकी गप्प बसते. रिकामीही गप्प बसते. अर्धवट भरलेली टाकी जहाजाला ढकलते." पाणी माझ्या साडीवर सांडलं होतं, पण मला ते जन्मभरासाठी कळलं हे खरं.

वार्तापत्रात काय असायचं ते सांगते. पहिल्या पानावर कोण जहाजावर चढलं आणि कोण उतरून घरी आलं. दुसऱ्यावर परीक्षांचे निकाल, नवे नियम. तिसऱ्यावर 'सभासदांसाठी सवलती'. यावर मी काकांना फार छळायची. रावपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात सूट, एका पॅथॉलॉजीत रक्ततपासणीत सूट, लग्नाचा हॉल, कुटुंबाचा दवाखान्याचा विमा. मी म्हणायची, "काका, माणूस ब्राझीलला आणि त्याला चष्मा रावपुऱ्यात स्वस्त. काय उपयोग?" ते शांतपणे म्हणायचे, "चष्मा त्याच्या आईला लागतो."

खरं म्हणजे ते वार्तापत्र घरच्या बायकांसाठीच होतं. तेव्हा परदेशातून फोन यायचा तो पंधरवड्या-महिन्यानं, जहाज बंदराला लागलं तर. मधल्या दिवसांत बायका काकांना फोन करायच्या. "काका, एमनो फोन नथी आव्यो," असं रडवेलं कोणी म्हणालं की काका नकाशा उघडून बसत आणि सांगत, आता त्यांचं जहाज अमुक ठिकाणी असेल, तिथे वारा अमुक असेल, फोन चार दिवसांनी येईल. बहुतेक वेळा यायचाही. या बायकांना ते नावानं हाक मारत, पण त्यांच्या नवऱ्यांना हुद्द्यानं. थर्ड इंजिनियर असला तर थर्ड, मग सेकंड, मग चीफ. जहाजावर तशीच पद्धत असते म्हणे, आणि हुद्दा वाढला की काका हाकही त्याच दिवशी बदलत.

त्यांतला एक थर्ड म्हणजे विश्वास मोहिते. तरसालीचा. पूर्वज गायकवाडांच्या पागेत शिपाई होते, आणि याचा त्याला अभिमान. वार्तापत्राचे अंक न्यायला तो एकदा दुकानात आला होता. उंच, सावळा, हसरा. म्हणाला, "ताई, आमच्या घराण्यात सगळे घोड्यावर बसले. पाण्यावर बसणारा मी पहिलाच." त्याची बायको सुनंदा बरोबर होती, कडेवर मुलगा. ती म्हणाली, "घोडा निदान घर ओळखून परत येतो." आम्ही सगळे हसलो. काकाही हसले, आणि ते तसे फारसे हसत नसत.

त्या दिवसांत परदेशी जहाजांवरच्या नोकऱ्या एकदम वाढल्या होत्या. मुंबईत एजंटांची ऑफिसं निघाली होती, पोरं करारांवर सह्या करून भराभर जात होती. मालक एका देशाचा, जहाजाचा झेंडा दुसऱ्या देशाचा, कामगार तिसऱ्याच देशाचे. विश्वासही असाच एका जहाजावर गेला. वार्तापत्राच्या पहिल्या पानावर त्याची बातमी आली, 'अभिनंदन' या शब्दासकट. पुढच्या महिन्यात सुनंदानं काकांना फोन करून सांगितलं की यांचा फोन आला होता, मजेत आहेत. जहाज फार आरामाचं आहे म्हणाले, पाळण्यासारखं हळूहळू झुलतं, छान झोप लागते. काकांनी तेही बातमीत घातलं. घरच्यांना बरं वाटतं म्हणून असल्या ओळी ते आवर्जून घालत. ती ओळ मी जुळवली, काकांनी तपासली, त्यातला एक स्वल्पविराम काढला, आणि अंक छापून गेला.

नंतरच्या पावसाळ्यात ते जहाज बुडालं. खूप दूरच्या समुद्रात, वादळात, आणि वादळही म्हणे फार मोठं नव्हतं. जहाज एका बाजूला कललं आणि परत आलंच नाही. कोणी सापडलं नाही. एजंटच्या ऑफिसाला कुलूप लागलं. बातमी काकांनाच आधी कळली आणि त्यांनीच ती तरसालीला नेली. त्या दिवशी मी बरोबर नव्हते आणि त्याविषयी मी काही लिहीत नाही.

मी बरोबर होते ती त्यानंतरच्या दुसऱ्या फेरीला.

महिनाभरानं काका दुकानात आले. भर दुपार, मी जेवायला बसले होते. ते बसले नाहीत. म्हणाले, "शुभाताई, मला तरसालीला घेऊन चला. मला एकट्याला जमायचं नाही."

मी डबा झाकला आणि स्कूटर काढली. मकरपुऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर ते मागून म्हणाले, "मी त्या जहाजाचा नंबर मागवला होता. काल आला." मला काही समजलं नाही. मग रस्त्याच्या कडेला, एका कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत, त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली आणि मला सगळं सांगितलं. बहुधा तिथे जाऊन कसं सांगायचं याची ती तालीम असावी.

जहाजाचं नाव बदलतं. विकलं की नवा मालक नवं नाव देतो, नवा रंग देतो, नवा झेंडा लावतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसला प्रकार. पण बांधताना जहाजाला एक नंबर मिळतो, आणि जहाज मोडीत निघेपर्यंत तो बदलत नाही. विश्वासच्या जहाजाचा नंबर बघितल्यावर काकांना कळलं की हे जहाज त्यांच्या ओळखीचं आहे. काही वर्षांपूर्वी एका परदेशी गोदीत, दुसऱ्याच नावाखाली, त्यांनीच ते तपासलं होतं. जास्त माल उचलता यावा म्हणून मालकानं डेकवर जड क्रेनी बसवून घेतल्या होत्या. काकांनी जहाजाच्या पोटात ओळंबा सोडला, डेकवरची वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवली आणि ओळंबा किती हलतो ते मोजलं. जहाज कलल्यावर सरळ व्हायला जी ओढ लागते, ती त्यात फार थोडी उरली होती. त्यांनी कागदावर सही करायला नकार दिला. मालकानं दुसरा तपासनीस आणला, आणि काका घरी आले.

"नाव बदललं होतं, त्यात तुमची काय चूक?" मी म्हणाले.

"नाव सोडा. ती ओळ आठवते? पाळण्यासारखं झुलतं?"

मला आठवत होती.

"चांगलं जहाज झटक्यानं सरळ होतं. माणसाला त्रास होतो, जेवण पोटात ठरत नाही. जे जहाज हळू झुलतं, आरामात झुलतं, त्याला परत यायचा कंटाळा आलेला असतो. हे पहिल्या वर्षाच्या पोराला येतं. मी ती ओळ वाचली, शुभाताई. हातात पेन घेऊन वाचली. तेव्हा एक तार केली असती तर पुढच्या बंदरात उतरला असता तो." मग ते म्हणाले, "मी बातमी म्हणून वाचली."

मी पुष्कळ बोलणारी बाई आहे. त्या भिंतीजवळ मी फक्त स्कूटरला किक मारली.

सुनंदाच्या घरी गेलो तेव्हा ती जमिनीवर बसून भाजी निवडत होती. मुलगा शेजारी खेळत होता. काका खुर्चीवर बसले नाहीत, तिच्यासमोर जमिनीवरच बसले, आणि रस्त्यात मला सांगितलं ते सगळं त्याच क्रमानं तिला सांगितलं. कुठे स्वतःला झाकलं नाही, आणि कुठे उगाच छातीही बडवून घेतली नाही.

तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "हळू झुलणं वाईट असतं?"

"हो."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग तुम्हाला कळायला हवं होतं."

"हो," काका म्हणाले.

तिनं हातातली गवारीची शेंग न निवडताच परातीत टाकली. रडली नाही. मला वाटलं आता ही आम्हाला हाकलून देणार, आणि तिनं तसं केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. ती म्हणाली, "आता पुढच्यांना विचारत जा." एवढं म्हणून भाजीची परात उचलून आत गेली. बाहेर आली नाही. आम्ही थोडं थांबलो आणि निघालो.

त्या एका वाक्यावर काका पुढची सगळी वर्षं जगले. क्षमा तिनं केली नव्हती, काम सांगितलं होतं. क्षमा मागायचं धाडस काकांनी कधी केलं नाही, पण ते त्या क्षमेची वाट बघत होते हे आम्हाला, मला आणि मालतीकाकूंना, स्वच्छ दिसत होतं.

पुढच्याच अंकापासून सवलतींच्या पानावर एक चौकट सुरू झाली. चष्मा आणि लग्नाच्या हॉलच्याही वर. 'जहाजाचं पूर्वीचं नाव. करारावर सही करण्याआधी जहाजाचा नंबर फोनवर कळवा. आधीची नावं, मालक आणि केलेले फेरफार सांगितले जातील. सभासदाच्या कुटुंबीयांनीही विचारावं.' खाली काकांच्या घरचा फोन. कुठल्याही मंडळानं सभासदांना असली सवलत दिल्याचं मी ऐकलेलं नाही. काकांनी जगभरातल्या जुन्या ओळखी जाग्या केल्या, गोदीतल्या, विमा कंपन्यांतल्या, तपासनिसांतल्या. घरात जहाजांच्या जाड जाड नोंदवह्या आल्या, अर्थात कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. काका आंघोळीला असले की काकू फोन घ्यायच्या आणि पलीकडचा काही बोलायच्या आत म्हणायच्या, "नाव नको. नंबर सांगा." एकदा नात्यातल्या कोणी मुलीच्या स्थळाची चौकशी करायला फोन केला, तर काकूंनी त्यालाही मुलाचा नंबर विचारला. तो म्हणाला, दुसरा आहे, मोठ्या भावाचं लग्न अजून व्हायचंय.

एजंट मंडळींना हा प्रकार आवडण्यासारखा नव्हताच. एक जण मुंबईहून मुद्दाम आला, येताना स्टेशनवरून लीलो चेवडा घेऊन. जहाज अगदी नवं केलंय, सगळं रंगवलंय, असं सांगत होता. काका म्हणाले, "रंगालाही वजन असतं." चेवडा काकूंनी त्याच्याच पिशवीत परत ठेवला.

सभासदही चिडायचे. घरी बसलेल्या माणसाला जहाज हवं असतं, आणि नंबर सांगितला की काका आधीची चार नावं वाचून दाखवणार आणि शेवटी 'माझ्या मुलाला मी पाठवलं नसतं' असं म्हणणार. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण वाक्य तेच. एक पटेल सेकंड होते, ते तर काकांच्या सततच्या नकारावरून दुकानात माझ्यासमोर भडकले. "काका, तमे दर वखते ना पाडो, तो मारे घेर बेसी रहेवानुं?"

"बेसो," काका म्हणाले. "घेर बेसवाथी कोई डूबतुं नथी."

पटेल पाय आपटत गेले. महिनाभर बोलले नाहीत, पण त्या जहाजावरही गेले नाहीत. पुढे त्या जहाजाचं काय झालं? काही झालं नाही. अशी पुष्कळ जहाजं होती ज्यांचं काही झालं नाही. काकांना कोणी हे ऐकवलं की ते म्हणायचे, "बरं झालं." काकू म्हणायच्या, "दुधानं तोंड पोळलंय त्यांचं, आता ताकसुद्धा फुंकून पितात." त्या हे चेष्टेत म्हणत आणि मग दुसरीकडे बघत.

सुनंदानं वार्तापत्राचं काम मागून घेतलं. अंक छापून झाले की ती दुकानात यायची, घड्या घालायची, तिकिटं चिकटवायची. काकाही त्या दिवशी यायचे. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून काम करायची, बोलणं कामापुरतं. विमा चालू राहावा म्हणून काकांनी तिला 'सभासदाचं कुटुंब' म्हणून यादीत कायम ठेवलं होतं, आणि मुख्य कार्यालयानं शंका काढली तेव्हा 'सभासद अजून जहाजावर आहे' असं एका ओळीचं उत्तर धाडलं होतं. हळूहळू सुनंदा त्या जाड वह्याही वाचायला शिकली. बोट खाली नेत नेत ती नंबर शोधायची, बांधणी कुठली, नाव काय, मालक कोण, क्रेनी कधी चढवल्या. काकांचे डोळे अधू व्हायला लागले तसं ती वाचायची आणि काका ऐकायचे. एकदा ती गेल्यावर काका मला म्हणाले, "हुशार आहे. तिला एकदाच वाचून कळतं." त्यांच्या तोंडून ही केवढी स्तुती होती ते मला माहीत होतं. ती त्यांनी तिच्यासमोर कधी केली नाही.

मग दिवस बदलले. मुंबईच्या मुख्य कार्यालयानं गुळगुळीत कागदावरचं रंगीत मासिक काढलं आणि शाखांनी आपापली वार्तापत्रं बंद करावीत असं कळवलं. त्यात सवलतींची पानं होती, हॉटेलं, क्रेडिट कार्डं, विमानाची तिकिटं. पूर्वीच्या नावांची चौकट नव्हती. तिची गरजही उरली नव्हती म्हणा. आता इंटरनेटवर नंबर घातला की जहाजाची कुंडली समोर येते. काकांचा फोन वाजेनासा झाला. बायकांकडे मोबाईल आले, नवरे रोज बोलायला लागले. हे चांगलंच झालं, आणि काका तसं म्हणायचेही. पण दुपारी समाला त्यांच्याकडे गेलं की ते फोनजवळच्याच खुर्चीवर बसलेले असत. मला फार वाईट वाटायचं. मी उगाच काहीतरी विचारायची, अमुक जहाज कसलं, तमुक कसलं. ते ओळखायचे आणि तरी उत्तर द्यायचे.

शेवटच्या वर्षी हृदयानं दगा दिला. दवाखान्यातून घरी आणलं, पण अंथरुणातून उठणं झालं नाही. दिसणंही जवळजवळ संपलं होतं. अशात एका दुपारी सुनंदाचा मला फोन आला. तिचा मुलगा रोहित, तोही मरीन इंजिनियर झाला होता. तिनं त्याला अडवलं नव्हतं, आणि का अडवलं नाही हे मी तिला कधी विचारलं नाही. त्याला पहिलं जहाज मिळालं होतं. ती म्हणाली, "शुभाताई, इंटरनेटवरून त्याची सगळी माहिती छापून आणाल का? काकांना विचारायचंय."

मी छापून नेलं. काका उशीला टेकून पडले होते, काकू पायाशी. रोहित दाराजवळ उभा, बापासारखाच उंच. सुनंदानं माझ्या हातातून कागद घेतले आणि नेहमीसारखं बोट लावून आधी स्वतः वाचले. मग मोठ्यानं वाचून दाखवले. जहाज नवं होतं. बांधलं तेव्हाचंच नाव, तेव्हाचाच मालक, तोच झेंडा. फेरफार काही नाहीत. तपासण्या सगळ्या वेळेवर. इतका स्वच्छ कागद मी त्या घरात कधी बघितला नव्हता, आणि मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान याला तरी काका चांगल्या तोंडानं निरोप देतील.

काकांनी सुनंदाला पुन्हा वाचायला सांगितलं. तिनं पुन्हा वाचलं.

"नको," काका म्हणाले.

रोहित पुढे आला. "आजोबा, पण का? कारण तरी सांगा."

काकांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"मम्मी, आ तो ब्रँड न्यू शिप छे," तो आईकडे वळून म्हणाला. "पुन्हा असं मिळणार नाही. हे बरोबर नाही." त्याचं चुकत नव्हतं. तो बाहेर गेला आणि खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. थोड्या वेळानं काकाच बोलले. आवाज अगदी खोल गेला होता.

"सुनंदा, कागदात काही वाईट नाही."

"ठाऊक आहे. वाचलाय मी."

"जहाज चांगलं आहे ते. मला जा म्हणता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलाला म्हटलं असतं."

"तुम्ही नको म्हणालात ना," ती म्हणाली. "मग नको. मी कळवते त्यांना."

रोहित पुढे दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या जहाजावर गेला. तोवर काका नव्हते, त्यामुळे ते जहाज कसं होतं हे विचारायला कोणी उरलं नव्हतं. आता तो सेकंड आहे, आणि त्या दुपारचा विषय काढलेला त्याला अजून आवडत नाही. जे जहाज काकांनी नको म्हटलं ते आजही व्यवस्थित फिरतं आहे. मी अधूनमधून त्याचा नंबर घालून बघते.

माझ्या मनात काका राहिलेत ते त्या दुपारचे. सुनंदानं कागद घडी करून बाजूला ठेवला आणि आपली खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली. काका तिच्या बाजूला तोंड करून पडले होते, त्यांना ती दिसत नव्हती, आणि ते अगदी लहान मुलासारखे रडत होते, आवाज न करता. तिनं त्यांना गप्प केलं नाही. त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बसून राहिली. मी आणि काकू स्वयंपाकघरात गेलो, आणि चहा टाकायचा सोडून तिथेच उभ्या राहिलो.